केस बघून लावलेल्या तबकड्या

माझे काका माणसाचे आधी केस बघतात, तोंड नंतर. रस्त्यात कुणी हाक मारली तर त्यांची नजर पहिल्यांदा त्याच्या कानामागे जाते, मग मानेवर, आणि मग कुठे "हां, तुम्ही होय!" असं येतं. एकदा त्यांच्या सख्ख्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत ताईला, बसथांब्यावर त्यांनी ओळखलंच नाही. तिने कुणाला न सांगता केस खांद्यापर्यंत कापून घेतले होते, तेही दुसऱ्या दुकानात. ओळख पटली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी केलं हे?" आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.

आमचं केस कापायचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानात तीन खुर्च्या: आतल्या भिंतीकडची काकांची, मधली बाबांची आणि दाराजवळची माझी. काकांना सगळे थोरले म्हणतात, बाबांना धाकटे. मला काय म्हणतात ते माझ्यासमोर अजून कुणी बोललेलं नाही, कारण माझ्या हातात कात्री असते. धंदा मला काकांनीच शिकवला. बाबांकडून शिकायला बसले होते, पण पहिल्याच आठवड्यात आमची इतकी जुंपली की आईनेच मला उचलून काकांच्या खुर्चीमागे उभं केलं.

दुकानात आरशाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे कोपऱ्यातला रेकॉर्ड प्लेअर. त्यावर साठच्या दशकातले ब्रिटिश बँड सोडून दुसरं काही लागत नाही. कुणी एखाद्याने नव्या गाण्याची फर्माईश केलीच तर दोघे भाऊ त्याच्याकडे असे बघतात की तो बिचारा आपणहून पेपर वाचायला घेतो.

आजोबा हयात होते तेव्हा त्यांचा या बँडांवर भयंकर राग होता. मासिकात बघावं तर झुलपं, सिनेमाच्या पोस्टरवर बघावं तर झुलपं, आणि त्यांचं बघून कॉलेजातली पोरं महिनोन् महिने दुकानाकडे फिरकेनात. "गाणी त्यांची आणि पोटावर पाय आमच्या," असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आणि त्यांचीच दोन्ही पोरं मागच्या खोलीत रेडिओला कान लावून बसलेली! शेवटी काकांनी डोकं चालवलं. बीटल्सचा फोटो आरशाला चिकटवला आणि कपाळावरची झुलपं हुबेहूब तशी कापायला शिकले. ते दिसतं सोपं, पण कात्री उभी धरून टोकं खायला, म्हणजे विरळ करायला लागतात, नाहीतर पोरगं डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसतं. मग कॉलेजची पोरं रांग लावायला लागली आणि आजोबांचा राग गल्ल्याच्या पेटीत विरघळला.

तबकड्यांचं खोकं आलं ते त्याच सुमारास. स्टेशनजवळच्या हॉटेलात नाचाचे कार्यक्रम व्हायचे. हॉटेलच्या तळघरात पाणी शिरलं आणि तिथल्या तबकड्या भिजल्या. मॅनेजरने खोकं दोघा भावांना देऊन टाकलं, बदल्यात त्याचे आणि त्याच्या मुलांचे केस वर्षभर फुकट. सौदा बरा होता, पण एक घोटाळा होता. कुणीतरी तबकड्या पुसायला म्हणून कव्हरांतून बाहेर काढल्या होत्या आणि तशाच एकावर एक रचल्या होत्या. मधल्या गोल कागदाला बुरशी लागून अक्षरं पार गेली होती. कव्हरं मात्र गुळगुळीत कागदाची, पुसल्यावर लख्ख. म्हणजे एकीकडे नुसते चेहरे आणि दुसरीकडे नुसते आवाज, आणि कुणाचा आवाज कुणाचा ते सांगायला जवळपास कुणी नाही.

बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स रेडिओमुळे ओळखीचे होते, ते चटकन जागेवर लागले. बाकीच्यांचं काय? दुसरं कुणी असतं तर त्याने विचारपूस केली असती, थांबला असता. हे पडले केस कापणारे. त्यांनी केस बघून निवाडा केला. एकेक तबकडी लावायची, ऐकायची आणि मग समोर मांडलेल्या कव्हरांवरची डोकी तपासायची. एका कव्हरावर स्मॉल फेसेस नावाचा बँड होता. चौघांचे केस असे नीटस, मागून फुगवलेले आणि कल्ले अगदी आखल्यासारखे, की काका म्हणाले, "एवढा वेळ खुर्चीत गप बसणारी पोरं ओरडून गाणार नाहीत." तेव्हा जी तबकडी सगळ्यात गोड, तीन-तीन आवाज एकमेकांत मिसळलेली, ती त्या कव्हरात गेली. हॉलीजच्या कव्हरावर केस कानांवर आलेले. बाबांचं म्हणणं, "कान झाकलेत, म्हणजे एकमेकांचं ऐकू येत नसणार, म्हणून किंचाळतात." तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा असलेली तबकडी हॉलीजच्या वाट्याला आली.

नेमकं उलटं होतं. तिघांनी गोड गाणारे ते हॉलीज, आणि घसा फाटेपर्यंत गाणारे ते आखीव कल्ल्यांचे स्मॉल फेसेस. जगात हे सगळ्यांना माहीत होतं, आमचं दुकान सोडून.

पुढे दोघांत या बँडांवरून छत्तीसचा आकडा झाला. काका शांत, टापटिपीचे, शर्टाची घडी मोडलेली न चालणारे. ते त्यांच्या 'स्मॉल फेसेस'चे भक्त. बाबा तापट, बोलायला लागले की अर्धा रस्ता ऐकणार. त्यांना त्यांचे 'हॉलीज' प्यारे. "तुझे ते दूधभात गवई," असं बाबा म्हणायचे. "तुझ्या गवयांना आधी कान साफ करून घ्यायला सांग," असं काका. शेवटी आजीने दिवस वाटून दिले. एक दिवस काकांच्या तबकड्या, एक दिवस बाबांच्या, आणि दुसऱ्याच्या दिवशी आपला हात प्लेअरला लागता कामा नये. गिऱ्हाइकंसुद्धा त्याप्रमाणे वार बघून यायची. बाबांच्या दिवशी केस जास्त बारीक होतात अशी बोलवा होती, आणि खरं सांगते, ती अगदीच खोटी नव्हती. बीटल्सवर दोघांचा हक्क सारखा. एक नियम मात्र दोघांनी मिळून केला होता: स्टोन्स चालू असताना दाढी करायची नाही, फक्त केस. वस्तरा तालात गेला तर गिऱ्हाईक हातचं जायचं.

मी नुकती खुर्ची सांभाळायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एक फिरता विक्रेता दाढीला बसला. काकांचा दिवस, काकांची आवडती तबकडी. गळ्याला फेस लावलेला हा गृहस्थ आरशात बघून खुशीत म्हणाला, "वा, हॉलीज! किती दिवसांनी ऐकले."

काकांचा वस्तरा त्याच्या गळ्यावर थांबला. "कोण?"

"हॉलीज."

"हे स्मॉल फेसेस आहेत," काका अगदी शांतपणे म्हणाले. "कव्हर दाखवू?"

त्या माणसाने वस्तऱ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मान न हलवता सांगितलं, "बरोबर. स्मॉल फेसेसच."

मी हसू दाबायला बाहेर पळाले. पुढे बऱ्याच वर्षांनी हातात मोबाईल आला तेव्हा मी सगळे बँड त्यावर लावून पाहिले. तो विक्रेता शंभर टक्के खरा होता. दुकान बंद झाल्यावर मी दोघांना बसवून ऐकवलं. दोघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बाबा म्हणाले, "मोबाईलवाल्याने कव्हरं अदलाबदल केली असतील."

"पण सगळं जग असंच म्हणतं, बाबा!"

"जगाने कुणाचे केस कापलेत?" काका म्हणाले. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी नाद सोडला.

असं सगळं सुखाचं भांडण चालू असताना काकांचा हात बिघडला.

आधी कळलं ते तबकडीमुळे. सुई टेकवताना खर्रकन आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काकांनी प्लेअरला नावं ठेवली, बाबांनी प्लेअर उघडून साफ केला, आणि दोघांनाही माहीत होतं की प्लेअरला काही झालेलं नाही. मग एकदा बँकेतल्या कॅशियरसाहेबांची दाढी करताना हनुवटीखाली कापलं. फार नाही, नखभर. कॅशियरसाहेब आमचे इतके जुने की ते हूं की चूं करायचे नाहीत. काकांनी तुरटी लावली, माफी मागितली, वस्तरा धुतला, पुसला, कापडाची घडी घातली आणि जिना चढून वर गेले.

डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे. धोका काही नाही, पण जायचाही नाही. औषधाने थोडा कमी होईल, वस्तरा धरण्याइतका नाही.

काका खाली यायचे थांबले. मी जाऊन म्हटलं, "नुसते येऊन बसा. तुमच्या दिवशी तबकड्या कोण लावणार?"

"आणि काय करू? गिऱ्हाइकांना पंख्याने वारा घालू?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "हात चालत नाही त्या माणसाने दुकानात जागा अडवू नये. तुझ्या आजोबांना सुद्धा मीच हे सांगितलं होतं."

बाबांनी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. फक्त काकांच्या दिवशी दुकानात प्लेअर लावला नाही. एक दिवस आरडाओरडा, एक दिवस चिडीचूप. त्या गप्प दिवशी रस्त्यावरच्या गाड्या, कात्रीची कचकच आणि गिऱ्हाइकांचं खोकणं एवढंच ऐकू यायचं. मला तर तोंडाने शीळ घालायचीही चोरी झाली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. म्हणून बंदच्या दिवशी शटर अर्धं ओढून दोघे भाऊ एकमेकांचे केस कापायचे. आधी काका बाबांचे, मग बाबा काकांचे. आजोबा गेल्यापासून बाबांच्या डोक्याला काकांशिवाय कुणाची कात्री लागलेली नव्हती. आता बाबा वर जाऊन काकांचे केस नेहमीसारखे कापून यायचे, पण त्यांचे स्वतःचे वाढायला लागले.

मी म्हटलं, "या, बसा, मी कापते."

"तुझा हात चांगला आहे," बाबा म्हणाले, "पण नको."

मला राग आला, लपवत नाही. अर्धं गाव माझ्याकडून केस कापून घेतं आणि सख्खा बाप नको म्हणतो! मी त्यांना सुनावलं की केस कापायच्या दुकानात असा अवतार करून उभं राहिलात तर लोक काय समजतील. ते कंगव्यातले केस काढत राहिले. महिना झाला, आणखी एक झाला. केस कानांवर आले, मग कॉलरवर. गिऱ्हाइकं चेष्टा करायला लागली, "धाकटे, कुठल्या बँडात लागलात?" आईने एकदा जेवताना आपल्या केसातली पिन काढून त्यांच्या झुलपांना लावली. बाबा पिन लावून जेवले.

काका समोरच जेवायला असत. कानांवरचे केस म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. घास तसाच हातात धरून ते बाबांच्या डोक्याकडे बघत राहायचे. एकदा न राहवून म्हणाले, "पोरीकडून कापून घे की."

"बघू," बाबा म्हणाले.

"काय बघू? शोभतं का हे?"

"नाही शोभत," बाबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

तेव्हा मला उमगलं की हा माणूस नुसता हट्ट करत नाही, कुणाची तरी वाट बघतोय. आई त्याच रात्री भांडी आवरताना चिडून म्हणाली, "दोघेही मुलखाचे हट्टी. एक म्हणणार नाही ये, आणि दुसरा म्हणणार नाही येऊ का."

तेवढ्यात ताईचा फोन आला. तिच्या गावी मोठं घर आहे, नातवंडं आहेत, तिच्या बाबांना, म्हणजे काकांना, इथे एकटं वाटतंय, मी न्यायला येते. काका हो म्हणाले. माझ्या बाबांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि वस्तरा पट्ट्यावर घासायला लागले. धार आधीच केलेली होती. काका गेले की ते परत येणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आपली गरज नाही असं एकदा त्यांच्या मनाने घेतलं की त्यांना तिथून हलवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

ताई सकाळीच गाडी घेऊन आली. दोन बॅगा डिकीत गेल्या. बाबांनी त्या दिवशी गिऱ्हाइकं घेतली नव्हती. काका निरोप घ्यायला म्हणून दुकानात उतरले, इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. इकडेतिकडे बघून म्हणाले, "आरशाचा तो कोपरा पुसायचा राहिलाय."

बाबा काकांच्या खुर्चीत जाऊन बसले. स्वतःच कापड झटकलं आणि स्वतःच मानेमागे गाठ मारली. आमच्या धंद्यात समोरच्याशी आरशातून बोलायची सवय असते. बाबा आरशातल्या काकांना म्हणाले, "दादा, जायच्या आधी केस काप."

"वेडा आहेस का? हात बघ माझा."

"बघतोय."

"कान जाईल."

"दुसरा आहे."

ताई पुढे होऊन काही बोलणार होती, मी तिचा दंड धरला. काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कंगवा घेतला. कंगवा केसांत गेला तसा थरथरायला लागला. काकांची कात्री म्हणजे एकसारखी, पाऊस लागल्यासारखी चालायची. आता ती एकदा कच् करायची आणि थांबायची, हात डाव्या हाताने धरायचा, पुन्हा कच्. मला बघवेना, पण नजर काढवेना. बाबा दगडासारखे बसले होते. एकदा कात्रीचं टोक कानाला लागलं, लाल रेघ उमटली, बाबांनी डोळासुद्धा मिटला नाही.

"लागलं," काका म्हणाले.

"कापत राहा."

मान खाली घालायची वेळ आली तेव्हा बाबांना आरसा दिसेनासा झाला. कदाचित म्हणूनच ते बोलू शकले. मांडीवरच्या कापडाकडे बघत म्हणाले, "तू वर बसून असतोस ना, मला खाली काम सुचत नाही. कुणाचे केस कापतोय तेही लक्षात राहत नाही. जाऊ नकोस, दादा."

कात्री थांबली. "मी इथे करू काय, सांग?"

"माझ्याशी भांड."

"हे काय काम आहे?"

"तिकडे कोण भांडणार आहे तुझ्याशी? ताई? ती तर तुझं सगळं ऐकते." बाबा म्हणाले. "मी आजवर कुणाचं ऐकलंय का?"

काका कापत राहिले. संपलं तेव्हा त्यांच्या शर्टाला घामाने ओल आली होती. त्यांनी छोटा आरसा मागे धरायचा प्रयत्न केला, तो हलायला लागला, तेव्हा मी जाऊन धरला. काय सांगू! उजवीकडे केस कानाच्या खाली, डावीकडे कानाच्या बोटभर वर, आणि मानेवर जिन्याच्या पायऱ्या. एखादं शिकाऊ पोरसुद्धा असं करून सुटलं नसतं. बाबांनी डोकं इकडून तिकडून वळवून बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायला हात कापडाखाली अडकले होते.

काका दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी मान कलती केली, एक डोळा बारीक केला, गिऱ्हाईक उठायच्या आधी ते नेहमी करायचे तसा.

"डावीकडे फार गेलं," ते म्हणाले.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय मग? असा सोडतो होय मी माणसाला खुर्चीतून?" काका चिडून म्हणाले. "आता लगेच हात लावला तर आणखी बिघडेल. जरा वाढू दे. पंधरा दिवसांनी सरळ करतो."

ताईने पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि बॅगा उतरवायला माझ्या हातात दिली.